तांदळाच्या डब्यातला फोन

गेलं वर्षभर आम्ही पाचजण मिळून एक नभोनाट्य करालोय. आता सगळे ऑडिओ ड्रामा म्हणतात, पण माझ्या तोंडात नभोनाट्य हाच शब्द बसलाय, कारण लहानपणी आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर रात्री नाटक नाहीतर श्रुतिका लागली की आत्ती स्वयंपाकघरातला बल्ब बंद करायची आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायची. उजेडात नीट ऐकू येत नाही असं तिचं म्हणणं. तेव्हा आम्हा पोरांना ते विचित्र वाटायचं, पुढं मी नाटकांना साउंड ऑपरेट करायला लागलो आणि कळलं की ती बरोबर होती, अंधारात कान मोठे होतात.

नाटक विज्ञानकथेचं आहे पण त्यात यान नाही, रोबो नाही, परग्रहावरनं कोण येत नाही. घरातला फोन आहे, फ्रीज आहे, लाईटचं मीटर आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातला पैसे जमा झाले की बोलणारा स्पीकर आहे आणि ह्या सगळ्याची एका म्हाताऱ्या बाईला वाटणारी भीती आहे. आज त्या भीतीबद्दलच लिहायचंय, कारण गेल्या काही महिन्यांत माझं त्याबद्दलचं मत पार बदललं आणि ते आत्तीमुळं बदललं.

आधी आम्ही नाटकवाले लोक ह्यात कसे पडलो ते सांगतो. मी दिवसा कोल्हापुरात उद्यमनगरात फौंड्रीत कामाला असतो आणि संध्याकाळी नाटक. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की घरी जेवायला कधी जातो ते घरच्यांनाच माहीत. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या साउंडच्या टेबलावर मी किती तास काढलेत त्याचा हिशोब नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं थिएटर, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री थिएटरला लागून असलेल्या खासबागेच्या बाजूला नुसती गर्दी, मी पण त्यात उभा होतो, ज्यांना कधी रडताना बघितलं नाही अशी माणसं रडत होती. माझ्या डोक्यात मात्र जाळापेक्षा आवाज राहिलाय. जुनं लाकूड तडतडताना जो आवाज येत होता तो मी आजपण आठवू नये म्हणून प्रयत्न करतो आणि तो येतोच.

त्यानंतर आमच्या ग्रुपला काय करावं कळेना. तालमीला जमायचो, चहा प्यायचो, घरी जायचो. मग आमच्यातली एकजण म्हणाली, स्टेज गेलं तरी आवाज आहे की आपल्याकडं. बास, तिथनं सुरू झालं. राजारामपुरीत एका मित्राच्या घराच्या वरची खोली मिळाली, भिंतींना जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या केल्या, खिडकीला दोन वाकळा मारल्या, एक बरा माईक घेतला. दुपारी ऊन असलं की आत भट्टी होते, पंखा लावता येत नाही कारण तो रेकॉर्ड होतो, त्यामुळं सगळं काम रात्री नऊच्या पुढं.

विषय कुठनं आला? एका आवाजातनं आला. साउंडवाल्यांना हा आवाज नक्की आठवत असणार. जुने मोबाईल होते तेव्हा प्रयोग चालू असताना मध्येच स्पीकरमधनं 'टिडिक टिडिक टिर्रर्र' असं यायचं आणि दोन-तीन सेकंदांनी प्रेक्षकांत कुणाचा तरी फोन वाजायचा. टू-जीचा फोन टॉवरशी सलग बोलत नव्हता, सेकंदाला साधारण 217 वेळा झटके देत बोलायचा आणि ते झटके अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीत शिरायचे. आमच्या घरी आत्तीच्या रेडिओतपण ते यायचं. ती गहू निवडत रेडिओजवळ बसलेली असायची, टिडिक टिडिक झालं की म्हणायची, "फोन येतोय बघ," आणि खरंच यायचा. शेजारची पोरं म्हणायची तुमच्या आत्तीला आधीच कळतंय. नंतर फोर-जी आलं, फोनची बोलायची पद्धत बदलली आणि तो आवाज गेला. आत्ती एकदा सहज म्हणाली, "पूर्वी सांगून यायचा, आता न सांगता येतोय." मी ते वाक्य मोबाईलमध्ये लिहून ठेवलं होतं, बरीच वर्षं तसंच पडून होतं.

आमच्या पाचांतला एकजण मोबाईल टॉवरच्या मेंटेनन्सचं काम करतो. एका रात्री रेकॉर्डिंग झाल्यावर गंगावेशीत दूध प्यायला गेलो होतो, तिथं त्यानं सहज सांगितलं की भावा, फोनवर माणसाचा आवाज जातच नाही. मला वाटलं चेष्टा करालाय. तर नाही. आपलं बोलणं फोन 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत घेतो, सेकंदाला 50 तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचं फक्त वर्णन पुढं पाठवतो, सूर किती, जोर किती, तोंडाचा-घशाचा आकार कसा वगैरे. पलीकडचा फोन त्या वर्णनावरनं आवाज नव्यानं घडवतो. म्हणजे कोल्हापुरातनं कुणी पैंजणाची मापं कळवली आणि हुपरीतल्या कारागिरानं त्या मापावर चांदीचे पैंजण घडवले, तसं. पैंजण मापात बसतात, पण जे कोल्हापुरात होते ते हे नव्हेत.

पुढचं तर त्याहून भारी. आपण बोलायचं थांबलो की फोन पाठवायचंपण जवळजवळ थांबवतो, बॅटरी वाचते, जागा वाचते. पण मग पलीकडं एकदम मुकाट झालं की ऐकणाऱ्याला वाटतं लाईन कट झाली आणि तो हॅलो हॅलो करत सुटतो. म्हणून ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच हलकी खरखर तयार करून कानात सोडतो, पलीकडं साधारण कसली खरखर आहे तेवढं पलीकडचा फोन अधूनमधून कळवतो, त्यावरनं. ह्याला कम्फर्ट नॉइज म्हणतात. मी तो शब्द ऐकला आणि दुधाचा ग्लास तसाच हातात राहिला. म्हणजे आई फोनवर गप्प असते आणि आपण तिच्या घरातली शांतता ऐकतोय असं आपल्याला वाटतं, ती शांतता आपल्याच हातातल्या फोननं बनवलेली असते.

आणि तिसरी गोष्ट, रेंज खालीवर झाली आणि दोन-चार तुकडे वाटेत हरवले तर फोन मागच्या तुकड्यांवरनं अंदाज बांधून भोक बुजवतो. म्हणून कधीकधी समोरच्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा लांबतो, "आ-आ-आ" असा. हा अंदाज अगदी थोडा वेळ चालतो, फार वेळ तुकडे आले नाहीत तर आवाज हळूहळू मारून टाकतात. तो हे सगळं कामाचं म्हणून सांगत होता, त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं, मी मात्र घरी जाऊन रात्री दोनपर्यंत लिहीत बसलो. कारण प्रश्न समोर उभा होता. तो अंदाज थांबलाच नाही तर?

तर आमचं नाटक असं. शुक्रवार पेठेत जुन्या घरात एक आज्जी एकटी राहते. पोरगा टेम्पो चालवतो, रत्नागिरीकडं माल नेतो, रोज रात्री आंबा घाटातनं फोन करतो. घाटात रेंज जाते-येते. फोन आधी तुकडा भरून काढतो, मग शब्द, मग वाक्य. असं करत करत एक दिवस सगळा कॉलच भरून काढतो. पोरगा तीन महिने आईशी बोललेलाच नाही, आणि पोराच्या फोनमध्ये त्याची आईपण तशीच भरून येते, त्यामुळं दोघंही समाधानी आहेत. कुणी कट केलेला नाही, कुणी दुष्ट शास्त्रज्ञ नाही. भोक बुजवणं हे यंत्राचं कामच आहे, ते त्यानं जरा जास्त मन लावून केलं. मला ह्याच्यातलीच भीती पाहिजे होती. रोबो बंदूक घेऊन आला तर पळता येतं, पण जो आवाज रोज नऊ वाजता "जेवलीस काय गं" विचारतो त्याच्यापासनं कुठं पळणार?

नुसत्या आवाजावर भीती कशी उभी करायची ह्याच्यावर आमचे महिने गेले, आणि ह्यात मला सगळ्यात जास्त मजा आली म्हणून जरा सविस्तर सांगतो. बहुतेक लोक इअरफोन लावून ऐकणार, एसटीत, रात्री अंथरुणात. इअरफोनमध्ये दोन्ही कानांत अगदी सारखाच आवाज सोडला की तो समोरनं येत नाही, डोक्याच्या आत मधोमध बसतो. आणि दोन कानांच्या अंतरावर दोन माईक ठेवून रेकॉर्ड केलं की आवाज आजूबाजूला पसरतो, कारण डाव्या आणि उजव्या कानात पोचायला जो एका मिलिसेकंदापेक्षाही कमी फरक पडतो त्याच्यावरनं मेंदू दिशा ओळखतो. म्हणून आम्ही आज्जीचं घर सगळं दोन माईकनी घेतलं, पितळी तांब्याचा आवाज उजवीकडं, मोरीतलं पाणी मागं, दाराची कडी लांब. आणि पोराचा फोन तेवढा मधोमध, डोक्याच्या आत. पहिल्यांदा जोडून ऐकलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

दुसरा आवाज फ्रीजचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकावे खाणारी, त्यामुळं फ्रीज, ट्यूबची जुनी चोक, रस्त्यावरची ट्रान्सफॉर्मरची डीपी सगळे त्याच सुरात नाहीतर त्याच्या दुप्पट म्हणजे 100 हर्ट्झला गुणगुणत असतात. वीजही सेकंदाला 50 आणि फोनचे तुकडेपण सेकंदाला 50, हा निव्वळ योगायोग आहे, पण आम्ही नाटकात तो वापरलाय. हे गुणगुणणं आपल्याला ऐकूच येत नाही इतकी सवय झालीय. मला ते पहिल्यांदा ऐकू आलं ते ऑगस्ट 2019 च्या महापुरात, म्हणजे ते थांबलं तेव्हा. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. आम्ही आत्तीला शुक्रवार पेठेतनं काढून वरच्या भागात पाहुण्यांकडं आणलं होतं, लाईट नाही, फोनच्या बॅटऱ्या संपलेल्या, आणि रात्री अशी शांतता की झोप येईना. सगळ्यांना वाटलं पुराची काळजी. आत्ती म्हणाली, "घर बोलंना झालंय." नाटकात आज्जीच्या घरची लाईट जाते तो जो सीन आहे तो तिथला आहे, आम्ही त्यात भीतीचं संगीत टाकलेलं नाही, फक्त ते 100 हर्ट्झचं गुणगुणणं काढून घेतलंय.

आवाजावर माणूस किती विश्वास ठेवतो ह्याचं जुनं उदाहरण म्हणून 30 ऑक्टोबर 1938 चं अमेरिकेतलं प्रक्षेपण सगळे सांगतात. एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या हल्ल्याची कादंबरी ऑर्सन वेल्सनं सीबीएस रेडिओवर बातमीपत्रासारखी सादर केली आणि काही लोक खरंच घाबरले. अख्खा देश रस्त्यावर आला वगैरे जे सांगतात ते बरंचसं दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी फुगवलेलं, रेडिओनं पेपरांच्या जाहिराती खायला सुरुवात केली होती त्याचाही राग होता. पण जे घाबरले ते का घाबरले हे मला महत्त्वाचं वाटतं. ते बातम्या सांगणाऱ्या आवाजावर विसंबून होते आणि नाटक त्याच आवाजात आत शिरलं. त्याच 1938 च्या जुलैत आपल्या कोल्हापुरात जयंत नारळीकरांचा जन्म झाला होता, तेव्हा ते साडेतीन महिन्यांचे असतील. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावानं कथा पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि नाव मोठं म्हणून बक्षीस मिळायला नको ह्यासाठी. बक्षीस मिळालंच. 20 मे 2025 ला ते गेले त्या रात्री आम्ही रेकॉर्डिंग ठेवलं नाही, नुसते बसलो. विज्ञानकथा आपल्या मातीत, आपल्या माणसांत घडू शकते हे त्यांच्यामुळं आम्हाला सांगावं लागत नाही. कोल्हापूरला तर यंत्राची भीती कधीच नव्हती, परदेशी कॅमेरा परवडेना तर सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा बनवला, खरी कॉर्नरला त्याचं स्मारक आहे, मी रोज जाता-येता बघतो.

आता आत्तीचं.

पहिल्या खर्ड्यात आमची आज्जी फक्त घाबरायची. मी लिहिलेली आज्जी म्हणजे मिक्सरला हात न लावणारी, लिफ्टला घाबरणारी, फोनचं बटण दाबताना बोट थरथरणारी. आणि पुण्याहून आलेला हुशार भाचा सगळं उलगडून दाखवायचा. मला ते लिहिताना बरोबर वाटलं होतं कारण आपण सगळे तसंच बघतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं "हात लावू का नको" विचारलं की आपण "अगं काय नाही होत" म्हणतो आणि फोन हातातनं घेतो. 2023 साली दूरसंचार विभागानं आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली होती, फोन एकदम किंचाळायला लागले होते, तेव्हा आत्तीनं फोन अंगणात नेऊन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला होता आणि आम्ही सगळे हसलो होतो. मी पण हसलो होतो. ते आता आठवलं की मला वाईट वाटतं.

मागच्या वर्षी एका दुपारी तिला व्हिडिओ कॉल आला. मी कामावर होतो, ती घरात एकटी, वय चौऱ्याहत्तर. खाकी कपड्यातला माणूस, तुमच्या आधार कार्डावर पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलीय, कॅमेऱ्यापुढनं हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, बँकेचं पासबुक आणा. हा प्रकार आता सगळ्यांना माहीत आहे, पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये मन की बातमध्येपण सांगितलं होतं, कायद्यात असली अटक नाही, पैसे गेले तर ताबडतोब 1930 ला फोन लावायचा. पण माहीत असणं वेगळं आणि दुपारी एकटं असताना खाकी कपडे बघणं वेगळं. शिकल्यासवरलेल्या माणसांनी आयुष्यभराची कमाई दिलीय.

आत्तीनं काय केलं, तर चालू फोन तसाच उचलला, तांदळाच्या डब्यात घातला, वरनं तांदूळ ओढले, झाकण लावलं, दाराला कडी घातली आणि शेजारच्या काकूंच्या कट्ट्यावर जाऊन बसली. संध्याकाळी मी तिला फोन करून थकलो आणि घाबरून घरी गेलो तर ही काकूंबरोबर शेंगा निवडालीय.

"आत्ती, फोन कुठाय?"

"डब्यात."

मी चिडलो. खरं सांगतो, पहिल्यांदा मी चिडलो, की असं कोण करतं, मला फोन का नाही केलास. ती म्हणाली, "कशावरनं करू? त्यो डब्यात हाय न्हवं." मग तिनं सगळं सांगितलं आणि माझे पाय गळाले. डब्यातनं फोन काढला तर सतरा मिस्ड कॉल. त्यातले सहा माझे.

मी विचारलं, तुला कसं कळलं खोटं आहे ते. मला वाटलं पेपरात वाचलं असेल, टीव्हीवर बघितलं असेल. ती म्हणाली, "पोलीस 'हलू नका' म्हणत न्हाईत. 'उठा, चला' म्हणत्यात." आणि मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि मागनं आवाज न्हवता रं. पोलीस ठाण्यात माणसं न्हाईत व्हय? कोण खोकलं न्हाई, कोण खुर्ची वडली न्हाई, फोन वाजला न्हाई. मी डोळं मिटून ऐकली, नुसतं शांत."

डोळे मिटून ऐकली. बल्ब बंद करून श्रुतिका ऐकणारी बाई. आम्ही पाचजण गाद्यांच्या खोलीत महिनोन्‌महिने ज्याच्यावर डोकं फोडत होतो, की आवाजाच्या मागची जागा खोटी कशी वाटेल, ते तिनं दोन मिनिटांत पकडलं होतं. तिची भीती आणि तिचं ऐकणं ही एकच गोष्ट आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं. ती घाबरते म्हणून लक्ष देऊन ऐकते. आम्ही घाबरत नाही कारण आम्ही ऐकायचंच सोडलंय, ओटीपी आला की टाकतो, परवानगी मागितली की देतो, "मी सहमत आहे" वर न वाचता बोट ठेवतो. इतकी वर्षं घरात जे अडाणीपण म्हणून बघितलं ते शहाणपण होतं, आणि त्याला कुणी कधी नीट विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी सगळं नाटक फाडलं. पुण्याचा भाचा काढून टाकला. आता आज्जीच शोध लावते, आणि कानानं लावते. रोजच्या कॉलमध्ये घाटातला वारा, ट्रकचा हॉर्न, कुठंतरी भुंकणारं कुत्रं असतं. तिच्या लक्षात येतं की ते कुत्रं रोज "बरं मग" ह्या शब्दाच्या आधीच भुंकतं. ती मोजायला लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब लिहितात तिथं, रोज एक फुली मारते. तो पेन्सिलचा आवाज आम्ही खऱ्या कॅलेंडरच्या कागदावर घेतलाय, साध्या कागदावर तसा येत नाही.

नवीन खर्डा रेकॉर्ड झाल्यावर पहिल्यांदा आत्तीलाच ऐकवला. तिला इअरफोन टोचतात म्हणून मोठे हेडफोन आणले. पस्तीस मिनिटं ती हलली नाही. आज्जीला कळतं की तीन महिने पोरानं फोनच केलेला नाही, तिथं मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, मला वाटलं आता घाबरेल. ती म्हणाली, "मग काय झालं? निदान फोन तरी येतोय."

कुणी काहीच बोललं नाही. आमच्यातल्या एकीच्या डोळ्यात पाणी आलं, तिची आई गावाकडं एकटी असते. ह्या उत्तराला आमच्याकडं उत्तर नव्हतं. एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाऊमनी 1966 साली एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला, तो नुसता आपलंच वाक्य फिरवून विचारायचा, आणि त्यांच्या सेक्रेटरीनं, जिला हा प्रोग्राम आहे हे पक्कं माहीत होतं, त्यांना सांगितलं की तुम्ही जरा बाहेर थांबा, मला एकटीला बोलायचंय. ही गोष्ट मला माहीत होती, पण ती मला कधी दुःखाची वाटली नव्हती. आत्तीच्या वाक्यानंतर वाटायला लागली. ऐकणारं कोण नसलं की माणूस खरखरीलापण आपलं म्हणतो.

हेडफोन काढून ठेवल्यावर ती बराच वेळ गप्प होती आणि मग आपल्या आपणच म्हणाली, "पर त्यो गप कधीच बसत न्हाई बघ. खरं पोरगं असतं तर गप बसलं असतं. तुझा बाबा फोनवर निम्मा वेळ गप असायचा. मी बी गप. मग कोणतरी म्हणायचं, ठेवू?"

त्यातनं शेवट मिळाला. आज्जी फोन उचलते आणि बोलतच नाही. आम्ही चाळीस सेकंद ठेवलेत. साउंडवाल्याला चाळीस सेकंद म्हणजे काय असतात ते साउंडवाल्यालाच माहीत, चार सेकंद मुकं गेलं तरी हात आवाज चढवायच्या पट्टीवर, फेडरवर जातो. पलीकडचा आवाज आधी विचारतो, जेवलीस काय. मग काळजी करतो, मग विनवतो, मग आणखी गोड होतो, त्याला शांतता सहन होत नाही, भोक दिसलं की बुजवणं एवढंच त्याला येतं. आणि आज्जी फोन घेऊन स्वयंपाकघरात जाते.

तो डब्याचा आवाज मला खरा पाहिजे होता. गेल्या रविवारी आम्ही आत्तीच्याच घरी माईक घेऊन गेलो. डबा तोच, पत्र्याचा, आत आजऱ्याचा घनसाळ, झाकण उघडलं की खोलीभर वास. डबा पूर्ण भरलेला असला की फोनचा आवाज अगदीच गिळला जातो, रिकामा असला की पत्रा वाजतो. निम्म्याच्या जरा वर तांदूळ ठेवले तेव्हा बरोबर आला, आणि एक गोष्ट अशी मिळाली जी आम्ही लिहिलीच नव्हती, फोन व्हायब्रेट झाला की दाणे एकमेकांवर सरकतात आणि आतनं बारीक सरसर येते, कोण तरी आत कूस बदलतंय अशी. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो.

झाकण आत्तीच लावणार होती. मी म्हटलं आम्ही लावतो तर म्हणाली, तुम्हाला दाबायला जमत नाही. मी बाहेर कट्ट्यावर जाऊन फोन लावणार, तेवढ्यात तिनं हात वर करून मला थांबवलं. फ्रीजचं बटण बंद केलं. खिडकी लावली. मग भिंतीकडं गेली आणि बल्ब बंद केला.